एक तार, चार खिडक्या



‘लिंक नाही’ हे दोन शब्द आता आपल्या खेडोपाडी इतके रुळले आहेत की यातला पहिला शब्द परका आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बँकेत जावे, तर लिंक नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जावे, तर लिंक नाही. सातबारा काढायला जावे, तर खिडकीवरचा मुलगा मान हलवतो आणि म्हणतो, “लिंक नाही, काका. दुपारून या.” काका दुपारून येतात, तेव्हाही लिंक नसते. मग बाजार करून, पिशवी खांद्याला लावून ते घरची वाट धरतात. यात दोष कोणाचा, हे त्यांना कोणी सांगत नाही आणि तेही विचारीत नाहीत. पाऊस आला नाही तर आभाळाकडे बघावे, तसे ते त्या खिडकीकडे बघतात.

पण ही लिंक आभाळातून पडत नाही. ती माणसांनी टाकलेली एक तार असते, तिच्या दोन टोकांना दोन पेट्या असतात आणि त्या पेट्यांची कामे ठरलेली असतात. त्या पेट्या कशा बसवतात, कशा चालवतात आणि एकाच तारेवर चारचौघांचे काम कसे उरकते, हे आज आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. तारा आणि यंत्रे हा माझा प्रांत नव्हे. तरी मला या विषयाचे वेड का लागले, ते आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांमागची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती आणि कापसाचा पहिला वेचा झाला होता. वेचणीच्या अकरा बायांची मजुरी देणे होते. वडिलांनी बाजाराच्या दिवशी पैसे देण्याचा शब्द दिला होता. आम्ही दोघे सकाळीच बँकेत गेलो. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या चारही खिडक्या नुकत्याच एका भाड्याच्या तारेवरून जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडल्या होत्या. चारही खिडक्या बंद. “लिंक नाही बाप्पा, उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी त्या बाया आमच्या अंगणात येऊन बसल्या. कोणी भांडले नाही, पण वडिलांची मान खाली गेलेली मी त्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी यवतमाळहून कारागीर आला. मी तरुण, हटवादी. त्याच्या मागे मागे आत गेलो. त्याने कोपऱ्यातल्या पेटीमागे हात घातला आणि हसला. “भाऊ, मशीन काही बिघडली नाही. हिचा प्लगच काढला कोणी तरी.” ऑक्टोबरच्या उकाड्यात कोणी तरी पंखा लावण्यासाठी त्या पेटीची वीज काढून घेतली होती. ती पेटी कशाची, हे त्या कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हते. अकरा बायांची मजुरी अडली, ती एवढ्यासाठी!

त्या पेटीचे नाव मल्टिप्लेक्सर. कारागीर मंडळी तिला नुसते ‘मक्स’ म्हणतात. शहरात एका छपराखाली पाच-सहा सिनेमे चालतात, त्या इमारतीला मल्टिप्लेक्स म्हणतात, हे आपण ऐकले असेल. शब्द त्याच कुळातला. एका छपराखाली अनेक खेळ, तसे एका तारेवर अनेक संवाद.

आता पहिला प्रश्न असा की, एका तारेवर अनेकांना बसवायचे कशाला? ज्याला त्याला स्वतंत्र तार का नको? याचे उत्तर आपल्या पांदण रस्त्यात आहे. शेतात जायला प्रत्येकाने आपला वेगळा रस्ता काढला, तर पेरायला जमीनच उरणार नाही. म्हणून एकच पांदण असते आणि तिच्यावरून सगळ्यांच्या बंड्या जातात. तारेचेही तसेच आहे. तार स्वतः फार महाग नसते. खर्च येतो तो खांब उभे करण्यात, चर खणण्यात, नाले ओलांडण्यात. एकदा हा खर्च केल्यावर त्या वाटेने एकाच माणसाचे बोलणे धाडणे, म्हणजे पांदण बांधून तिच्यावरून दिवसातून एक बंडी नेण्यासारखे आहे.

हा विचार काही आजचा नाही. आपल्या देशात कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारायंत्राची पहिली प्रायोगिक लाइन १८५० च्या सुमारास ओशॉनेसी या गृहस्थांनी टाकली आणि १८५५ मध्ये तारेची सेवा सर्वसामान्यांना खुली झाली. सुरुवातीच्या त्या काळात एका तारेवर एका वेळी एकच संदेश जाई. एक तारबाबू कट्ट-कड करीत असला की दुसऱ्याने हात बांधून बसावे. बरे, माणसाचा हात चालून चालून किती चालणार? तार मात्र त्याच्या कितीतरी पट वेगाने संदेश वाहू शकत होती. म्हणजे तार बहुतेक वेळ रिकामीच राही.

हे रिकामपण फ्रान्समधील एमिल बोदो या तारखात्यातील माणसाच्या डोळ्यांत भरले. त्याने १८७४ मध्ये एका युक्तीचे पेटंट घेतले. चार तारबाबू शेजारी बसवायचे. प्रत्येकापुढे पाच कळांचा छोटासा फलक. मध्ये एक फिरता ब्रश. तो ब्रश क्षणभर पहिल्याला तारेशी जोडी, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला आणि पुन्हा पहिल्याला. पलीकडच्या गावी असाच दुसरा ब्रश त्याच तालात फिरत असे. आपली पाळी आली की कळफलकात ‘टक्’ असा आवाज होई आणि त्या ठेक्यावर बाबूने कळा दाबायच्या. भजनात टाळकरी चुकला तर सगळा ठेका बिघडतो, तसेच इथेही. पण ठेका सांभाळला, तर एकाच तारेवर चौघांचे संदेश सुखाने जात. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण बोदोचा तो फिरता ब्रश अजून फिरतोच आहे. फक्त आता तो पितळेचा राहिलेला नाही.

एकाच वाटेवर अनेकांना बसवण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. तिन्हींची ओळख आपल्याला घरबसल्या आहे.

पहिली रीत रेडिओची. आपण वर्षानुवर्षे ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर केंद्र ऐकत आलो. मुंबईचे केंद्र ५५८ वर लागे. दोन्ही केंद्रे एकाच वेळी एकाच आभाळातून बोलतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण प्रत्येकाची कंपनसंख्या वेगळी. आपण बटण फिरवून हवे ते निवडतो. टेलिफोनच्या तारेवरही हेच करीत. माणसाचे बोलणे समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झएवढा पट्टा पुरतो. म्हणून प्रत्येक संभाषणाला ४००० हर्ट्झची एक पट्टी नेमून देत आणि अशा बारा पट्ट्या एकावर एक रचून, बारा संभाषणांचा एक गट एकत्र पाठवीत. ट्रंक कॉल लावून तास तास बसणारी पिढी आपल्यांत अजून आहे. त्यांचा आवाज अशाच एखाद्या पट्टीवर बसून मुंबईला गेला असेल.

दुसरी रीत पाणीपाळीची. बेंबळा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात बाभूळगाव, कळंब, राळेगाव हे तालुके येतात, तेव्हा कालव्याच्या ओलिताची पाळी काय असते हे मी सांगायला नको. दांड एकच. आता तुमची पाळी, मग माझी, मग शेजाऱ्याची. पाळी चालू असेपर्यंत सगळे पाणी एकाचे. तारेवर हीच पाळी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असते. टेलिफोनच्या अंकीय पद्धतीत आवाजाचे मोजमाप सेकंदाला ८००० वेळा घेतात आणि प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारी खूण. आठ हजार गुणिले आठ म्हणजे एका आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट. अशा ३२ पाळ्यांचा एक फेर धरतात. त्यातल्या ३० पाळ्या बोलण्याला आणि दोन व्यवस्थेला. सगळे मिळून सेकंदाला २०,४८,००० बिट होतात. युरोपात आणि आपल्या देशात हेच माप रूढ झाले. एक फेर पुरा व्हायला लागतात सेकंदाचे दशलक्षांश १२५ भाग. हा आकडा जरा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

तिसरी रीत जरा चतुर आहे. पाणीपाळीत एक दोष असतो. तुमच्या शेतात काल पाऊस पडून गेला, तरी पाळी तुमचीच. पाणी वाया जाते आणि शेजारी वाट बघत बसतो. मग असे का करू नये की, ज्याला गरज आहे त्यालाच पाळी द्यावी आणि जो गप्प आहे त्याला वगळून पुढे जावे? असे करणाऱ्या पेटीला सांख्यिकी मल्टिप्लेक्सर म्हणतात. मात्र ठरलेला क्रम मोडला, की कोणाचा माल कोणता हे कळणार कसे? जिनिंगला कापूस नेताना चार घरांची गाठोडी एकाच गाडीत घालतो, तेव्हा प्रत्येक गाठोड्यावर नाव लिहितो. तसाच इथे प्रत्येक तुकड्यावर खिडकीचा नंबर लिहावा लागतो. या नंबराला जागा लागते, म्हणजे थोडा तोटा आहे; पण गप्प बसणाऱ्यांची रिकामी जागा वाचते, हा नफा त्याहून मोठा.

नफा किती मोठा, याचा हिशेब करून बघू. जुन्या भाड्याच्या तारेवर सेकंदाला ९६०० बिट जात. एका अक्षराला पुढच्या-मागच्या खुणांसह दहा बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे झाली. खिडकीवरचा चांगला हुशार टंकलेखकही सेकंदाला पाच-सहा अक्षरांपलीकडे जात नाही. म्हणजे चार खिडक्यांचे लिहिणे या तारेला मुंगीच्या ओझ्यासारखे. पण उत्तर येते ते मोठे असते. पडदाभर मजकूर म्हणजे २४ ओळी, दर ओळीत ८० अक्षरे, एकूण १९२०. तो यायला दोन सेकंद लागतात. चारही खिडक्यांनी नेमका एकाच क्षणी पडदाभर मजकूर मागितला, तर शेवटच्याला आठ सेकंद लागतील. एरवी चौघे क्वचितच एकदम मागतात, म्हणून काम बिनबोभाट चालते.

इथेच या सगळ्या व्यवस्थेचे मर्म आहे. सगळे एकदम बोलणार नाहीत, या भरवशावर ती उभी आहे. हा भरवसा वर्षाचे तीनशे दिवस खरा ठरतो. पण पीक विम्याची अखेरची तारीख आली, परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत आली, की सारा तालुका एकाच दिवशी एकाच पांदणीवर बंड्या घालतो. मग पेटीतली साठवणीची जागा भरते. ती खिडक्यांना ‘थांबा’ असा संकेत देते आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. आपण म्हणतो यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते; आपला भरवसा खोटा पडलेला असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा सगळा विषय वर्गात खडू-फळ्याशिवाय शिकवता येतो. चार मुले दाराबाहेर उभी करा, चार मुले आत बसवा. बाहेरच्या चौघांना एकेक शब्द द्या: कमळ, बदक, गवत, शहर. दारातून एका वेळी एकच अक्षर आत जाईल, असा नियम करा. पहिला म्हणेल ‘क’, दुसरा ‘ब’, तिसरा ‘ग’, चौथा ‘श’. पुन्हा पहिला ‘म’, दुसरा ‘द’, तिसरा ‘व’, चौथा ‘ह’. मग ‘ळ’, ‘क’, ‘त’, ‘र’. आतली मुले आपापल्या पाळीचेच अक्षर पाटीवर लिहितील. शेवटी चारही शब्द जसेच्या तसे निघतात आणि मुले टाळ्या वाजवतात.

आता गंमत करा. खेळ पुन्हा खेळा आणि तिसऱ्याच्या कानात सांगा की, पहिल्या फेरीत ‘ग’ म्हणू नकोस. आतल्या मुलांना हे ठाऊक नाही; ती ऐकू येईल ते अक्षर क्रमाने लिहीत जातात. पहिल्याच्या पाटीवर येते ‘कदक’, दुसऱ्याच्या ‘बवत’, चौथ्याच्या नुसते ‘मळ’. आणि तिसऱ्याच्या पाटीवर काय येते? ‘शहर’! म्हणजे चौथ्याचा शब्द अख्खाच्या अख्खा तिसऱ्याला मिळाला. बँकेच्या तारेवर असे झाले, तर एकाचे खाते दुसऱ्याच्या खिडकीवर उघडेल. एक अक्षर हुकले आणि सगळ्यांचेच बिघडले.

यावर उपाय काय, हे मुलांनाच विचारा. कोणी तरी सांगेलच की प्रत्येक फेरीच्या आरंभी टाळी वाजवावी. टाळी वाजली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मग ‘ग’ हुकला, तरी बिघाड त्या फेरीपुरता राहतो. पुढची फेरी सरळ चालते. यंत्रातही अशीच टाळी असते. दर फेराच्या आरंभी एक ठरलेली खूण येते आणि पलीकडची पेटी तिच्यावर आपले मोजणे जुळवते. हा खेळ मी पाचवीच्या मुलांबरोबर खेळलो आहे आणि एम. ए. च्या मुलांबरोबरही. दोन्हीकडे ‘शहर’ निघाले तेव्हा सारखाच हशा झाला.

आता पेटी बसवायची कशी, ते पाहू. जुना मक्स असो की आज ग्रामपंचायतीत बसणारी प्रकाशतारेची पेटी असो, पथ्ये बहुतेक तीच आहेत.

पहिले पथ्य जागेचे. पेटी कोरड्या, हवेशीर, धूळ नसलेल्या जागी भिंतीला ठोकून बसवावी. आपल्याकडे हंगामात कापसाचे तंतू हवेत तरंगतात. ते पेटीच्या जाळीवर साचले की आतली उष्णता कोंडते. पाल, उंदीर, मुंग्या यांनाही उबदार पेटी आवडते. तारांची भोके बुजवून घ्यावीत आणि महिन्यातून एकदा, वीज बंद करून, कोरड्या ब्रशने जाळी झाडावी.

दुसरे पथ्य विजेचे. पेटीला तिचा स्वतःचा प्लग हवा आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘काढू नये’ असे लिहिलेले हवे. अकरा बायांची मजुरी आठवा! सोबत बॅटरी हवी, कारण वीज गेली की तारेच्या एका टोकाची पेटी मरते आणि एक टोक मेले की दुसरे टोक कितीही जिवंत असले तरी व्यर्थ. बॅटरी कायमची टिकत नाही. ती किती वेळ पुरते हे दर तीन महिन्यांनी वीज मुद्दाम बंद करून, घड्याळ लावून बघावे.

तिसरे पथ्य अर्थिंगचे. जमिनीत खड्डा करून, पत्रा किंवा नळी पुरून, भोवती कोळसा व मीठ घालून यंत्राची तार भूमीशी जोडतात. आपली काळी माती ओली असते तेव्हा विजेला चांगली वाट देते. पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि नळीभोवतीची पकड सुटते. मग मृगाच्या आधीच्या वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा अर्थिंग नेमके कोरडे पडलेले असते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नेमाने पाणी ओतावे. तांब्याच्या तारेवर तर वीजरोधक बसवलाच पाहिजे.

चौथे, जोडणी. चार तारांच्या लाइनमध्ये एक जोडी बोलण्याची, एक ऐकण्याची. माझ्या तोंडाची जोडी तुमच्या कानाला आणि तुमच्या तोंडाची माझ्या कानाला लागली पाहिजे. तोंडाला तोंड जोडले, की दोघे ओरडतात आणि कोणालाच ऐकू येत नाही. नव्या लाइनवर पुष्कळदा हीच चूक निघते.

पाचवे, दोन्ही टोकांचा करार. पहिली खिडकी पलीकडच्या कोणत्या दाराला जाणार, तिचा वेग किती, अक्षराला किती बिट, हे दोन्हीकडे अक्षरशः सारखे हवे. आणि घड्याळ एकाचेच चालले पाहिजे. एका टोकाने ठेका द्यायचा, दुसऱ्याने तो धरायचा. दोघांनी आपापला ठेका चालवला, तर दोन्ही घड्याळे कितीही चांगली असली तरी हळूहळू एक पुढे जाते आणि मधूनच एखादे अक्षर हुकते. लिंक तासाभराने आपोआप तुटते आणि आपोआप जुळते, अशी तक्रार आली, तर जाणता कारागीर आधी घड्याळ तपासतो.

सहावे, परीक्षा. विहिरीत हाक मारली की ती परत येते. तसा पेटीतून संदेश सोडून तो वाटेतून परत वळवतात. याला लूप टाकणे म्हणतात. आधी आपल्याच पेटीत वळवून बघायचा. परत आला, तर आपली पेटी शाबूत. मग लाइनच्या पलीकडच्या टोकाला वळवायचा. परत आला, तर लाइन शाबूत. मग पलीकडच्या पेटीतून. जिथून हाक परत येणार नाही, तिथेच बिघाड. असे पायरीपायरीने गेले, की चाळीस किलोमीटरची तार हिंडून बघावी लागत नाही.

सातवे आणि सर्वांत स्वस्त पथ्य, म्हणजे वही. कोणत्या भोकात कोणाची तार आहे याची चिठ्ठी पेटीवर आणि बिघाड कधी झाला, कोणी दुरुस्त केला, कारण काय निघाले, याची नोंद वहीत. दहा नोंदी झाल्या की बिघाडाचा स्वभाव कळू लागतो. दर मंगळवारी दुपारी लिंक जाते असे वहीतून दिसले, तर मंगळवारी दुपारी त्या खोलीत काय होते ते जाऊन बघता येते.

आता आजच्या प्रकाशतारेकडे वळू. देशातील ग्रामपंचायती प्रकाशतारेने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. या तारेत वीज नसते, प्रकाश असतो. केसासारख्या काचेच्या तंतूतून तो धावतो. तालुक्याच्या ठिकाणी एक मोठी पेटी असते. तिच्यापासून निघालेला एक तंतू वाटेत एका बिनविजेच्या फाट्यापाशी बत्तीस वाटांत फुटू शकतो आणि एकेक फाटा एकेका गावच्या पेटीत जातो. जाणारा प्रकाश एका रंगाचा आणि येणारा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे पहिली, रेडिओची रीत. (आणि न दिसणारा असला, तरी तो डोळ्याला इजा करतो; उघड्या तंतूत कोणीही डोकावू नये. मुलांना तर हे बजावूनच सांगावे.)

खाली गावांकडे येताना सगळ्यांचा माल एकत्र येतो आणि ज्याची त्याची पेटी नाव बघून आपले गाठोडे उचलते. दुसऱ्याचे उघडता येऊ नये म्हणून गाठोड्यांना सांकेतिक कुलूप असते. वर जाताना मात्र पाळी लागते. समजा, वडकी, झाडगाव, खैरी आणि वाढोणा बाजार ही गावे एकाच तंतूच्या फाट्यांवर आहेत. सगळ्यांनी एकदम प्रकाश सोडला, तर फाट्यावर गोंधळ होईल. म्हणून तालुक्याची पेटी प्रत्येकाला पाळी देते. पण गावे कमी-जास्त अंतरावर आहेत. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सेकंदाचे दशलक्षांश पाच भाग लागतात. एवढ्याशा वेळात वर जाणाऱ्या मार्गावरून सहा हजारांहून अधिक बिट निघून जातात. म्हणून पेटी आधी प्रत्येक गावाचे अंतर मोजते आणि कोणी आपला माल किती थांबून सोडायचा हे ठरवून देते. लांबच्या गावच्या बंडीने पहाटे निघावे आणि जवळच्याने उजाडल्यावर, म्हणजे बाजाराच्या फाटकाशी दोघे एकामागोमाग पोहोचतील, तसेच हे. आणि या पाळीचा एक फेर किती वेळाचा? तोच, १२५ दशलक्षांश सेकंदांचा! टेलिफोनवरील माणसाच्या आवाजासाठी धरलेला ठेका काचेच्या तंतूतही कायम राहिला.

खाली येणाऱ्या मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिट. बत्तीस गावांनी एकाच वेळी पुरा वाटा मागितला, तरी प्रत्येकाला पावणेआठ कोटींच्या आसपास बिट मिळतात. जुन्या ९६०० बिटांपुढे ही गंगाच म्हटली पाहिजे. मग लिंक अजून का जाते? कारण वाटणीचा जो गुण, तोच तिचा दोष. एक तंतू रस्त्याच्या खोदकामात तुटला, की फाट्यावरची सगळी गावे एकदम मुकी होतात. दुसऱ्या वाटेने फिरून येणारा तंतू असेल तर सेवा टिकते. नसेल, तर दुरुस्तीपर्यंत हात चोळत बसावे लागते. आणि बाकीच्या वेळी कारण पुष्कळदा तेच जुने असते: वीज नाही, बॅटरी मेली, पेटीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली कोणाकडे हे ठाऊक नाही.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो, कारण ही गोष्ट निव्वळ यंत्राची नाही. मक्स पाणी वाढवीत नाही, तो पाणी वाटतो. आणि वाटणी आली की, आधी कोणाला आणि मग कोणाला, हा प्रश्न आलाच. रेशनच्या अंगठ्याचा संदेश अगदी लहान असतो. एखादा चित्रपट त्याच्या लाखो पट मोठा. दोन्ही एकाच तारेवर आले आणि काहीच ठरवलेले नसले, तर अंगठा चित्रपटामागे रांगेत उभा राहतो. पेटीला आधी सांगून ठेवले की लहान आणि निकडीचे काम पुढे घ्यावे, तर अंगठा क्षणात सुटतो आणि चित्रपट पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एवढी सोय या यंत्रांत असते. पण दवाखाना आधी, शाळा आधी की करमणूक आधी, हे यंत्र आपण होऊन ठरवीत नाही. ते कोणी तरी ठरवलेले असते, किंवा कोणीच ठरवलेले नसते.

म्हणून माझी आपणांस विनंती एवढीच आहे की, ग्रामसभेत जसे आपण पाण्याविषयी आणि रस्त्याविषयी विचारतो, तसे या पेटीविषयीही विचारावे. पेटी कोठे आहे? किल्ली कोणाकडे आहे? बॅटरी केव्हा बदलली? बिघाडाची वही आहे का? अखेरच्या तारखेची गर्दी टाळायला गावातले अर्ज आठ दिवस आधी, वाडीवाडीने वाटून भरता येतील का? शिक्षकांनी आपल्या मुलांना घेऊन एकदा ती पेटी दाखवून आणावी. आपल्या गावचा कोणता माणूस ती सांभाळतो, हे मुलांना ठाऊक असावे.

माझे वडील आता नाहीत. त्या तिसऱ्या दिवशी पैसे हाती आल्यावर ते घरी न येता परस्पर त्या बायांच्या दारोदार गेले आणि प्रत्येकीला मजुरी देऊन रात्री परतले. जेवताना एवढेच म्हणाले, “त्या पेटीबद्दल एका जणाला जरी माहीत असतं, तर आज एवढं फिरावं लागलं नसतं.” आपल्या गावात तो एक जण कोण, याचा आज रात्री जेवताना विचार व्हावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.